ओसुफ्काचे बोगदे आणि नाझींची ‘घंटा’: दोन टूर केल्या, दोन्हींबद्दल लिहितेय

व्रोत्सवाफला राहणाऱ्या किंवा पोलंडला फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. जरा लांबेल, पण एकाच भागातल्या दोन टूर आम्ही आठ दिवसांच्या अंतराने केल्या आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक निघाला, म्हणून नीट सगळं सांगते. पहिली एका प्रायव्हेट व्हॅनवाल्यांची, ‘हिटलरची गुप्त शस्त्रं’ अशा धाटणीची दिवसभराची टूर, त्यांचं नाव देत नाही कारण असे बरेच जण आहेत आणि सगळे थोड्याफार फरकाने तेच सांगतात. दुसऱ्या वेळी आम्ही आपली गाडी काढून गेलो, ग्वुशित्सा गावाजवळच्या ओसुफ्काला, जर्मनांनी डोंगरात खोदलेले बोगदे बघायला. तुम्हाला घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवा की ओसुफ्का पाचपैकी पाच, आणि व्हॅनची टूर पाचपैकी दोन, ते दोनसुद्धा ड्रायव्हरने आई-बाबांची खूप काळजी घेतली म्हणून.

सुरुवात मुलामुळे झाली. अकरा वर्षांचा आहे आणि गेले सहा महिने त्याच्या यूट्यूबवर एकच विषय, दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची गुप्त शस्त्रं. उडत्या तबकड्या काय, मृत्युकिरण काय, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे ‘डी ग्लॉके’, घंटा. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट अशी, की पावणेतीन मीटर रुंद आणि चार-पाच मीटर उंच असं घंटेच्या आकाराचं एक यंत्र होतं, त्यात दोन सिलिंडर उलट्या दिशांनी फिरायचे, आत ‘झेरम ५२५’ नावाचा पाऱ्यासारखा जांभळट द्रव असायचा, आणि ते चालू केलं की गुरुत्वाकर्षण नाहीसं व्हायचं, आसपासची झाडं सडून जायची, प्राण्यांचं रक्त गोठायचं, काही जण तर म्हणतात काळ मागे जायचा. आणि हे सगळं जिथे चाललं होतं असं सांगतात ती जागा आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर, गुरी सोव्ये म्हणजे घुबडांचे डोंगर, तिथे. आता मुलगा गप्प बसतोय होय! त्यात नाशिकहून आई-बाबा आलेले, बाबांना इतिहासाची आवड, म्हटलं चला, सगळेच जाऊ. माणशी ३५० झ्वॉटी भरले.

गाइड तरुण होता, इंग्रजी छान, बोलणं गोड. आणि तिथेच घोळ होता, कारण इतक्या गोड पद्धतीने तो सगळं ‘असं झालं’ म्हणूनच सांगत होता. ‘असं म्हणतात’ हा शब्द दिवसभरात एकदाही नाही. घंटेवर काम करणाऱ्या साठेक शास्त्रज्ञांना युद्धाच्या शेवटी गोळ्या घातल्या, एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाचा जनरल हान्स काम्लर ती घंटा विमानात घालून पळाला, सगळे कागद अमेरिकेने नेले, असं एकामागून एक. मी मध्येच विचारलं की हे कुठे नोंदलेलं आहे, तर म्हणाला तेच तर, कागद नेले ना! मुलगा माझ्याकडे बघून म्हणतो, आई तू मध्ये मध्ये बोलू नकोस ना.

घरी आल्यावर मी रात्री बसून वाचलं. घंटेची ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली २००० साली, म्हणजे युद्ध संपून पंचावन्न वर्षं झाल्यावर. इगोर विटकोव्स्की नावाच्या पोलिश लेखकाने लिहिलं की १९९७ मध्ये गुप्तचर खात्यातल्या एका माणसाने त्याला याकोब स्पोरेनबर्ग नावाच्या एसएस अधिकाऱ्याच्या जबानीचे कागद दाखवले, झेरॉक्स काढू दिली नाही, फक्त टिपून घेऊ दिलं. पुढच्याच वर्षी निक कुक या ब्रिटिश पत्रकाराने ती गोष्ट इंग्रजीत नेली आणि मग ती जगभर झाली. ते कागद त्यानंतर दुसऱ्या कुणी पाहिलेले नाहीत. सगळा डोलारा या एका न दाखवलेल्या कागदावर उभा आहे.

आता त्या टूरमधला मुख्य कार्यक्रम, ‘मुहोवापका’. पोलिशमध्ये त्याचा अर्थ माशा पकडायचा सापळा. लुदविकोवित्से गावाजवळ, जुन्या कोळसा खाणीच्या आवारात, काँक्रीटचं एक मोठं कडं उभं आहे, जाडजूड खांब गोलात, वरून सगळ्यांना जोडणारी काँक्रीटची रिंग, आत गवत, बाजूने झाडं. दिसायला खरंच विलक्षण आहे, फोटो भारी येतात. गाइडने आम्हाला मधोमध उभं केलं, एक मिनिट डोळे मिटायला लावले, आणि मग सांगितलं की याच कड्याच्या आत ती घंटा जाड साखळदंडांनी बांधून हवेत सोडायचे, वरचे ते लोखंडी बोल्ट दिसतायत ना ते त्यासाठीच. मुलाचे डोळे एवढे झालेले.

बाबा तोपर्यंत कड्याच्या बाहेरून एक चक्कर मारून आले होते. बाबा एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनला एकतीस वर्षं होते, ऑपरेशनला. ते आले, एका खांबावर हात ठेवला, वर बघितलं, खाली वाकून खांबाच्या बुडाशी बघितलं, आणि मला म्हणाले, “अगं, हा कूलिंग टॉवर आहे. टॉवर म्हणजे त्याचा खालचा पाया.”

मी म्हटलं, “बाबा, नक्की?”

“नक्की म्हणजे काय, एवढी वर्षं त्याच्याच खाली उभा राहिलोय मी. हे बघ, खांब मोकळे का ठेवलेत? हवा आत शिरायला. वरून गरम पाणी पडतं, लाकडाच्या पट्ट्यांवर आपटून फुटतं, खालून हवा वर जाते, पाणी गार होऊन खाली हौदात जमा होतं, आणि परत कंडेन्सरला. आपल्याकडचे टॉवर काँक्रीटचे आणि केवढे मोठे, पण त्या काळात वरचा भाग लाकडी करायचे. ते लाकूड गेलं, पाया राहिला. ते बोल्ट लाकडी सांगाडा बसवायचे. जवळपास पॉवर स्टेशन असणार बघ.”

आणि होतंच! त्या खाणीच्या कोळशावर चालणारं वीजकेंद्र तिथे अगदी शेजारी होतं. मी गाइडला सांगितलं, माझे वडील असं म्हणतायत, त्यांनी यातच आयुष्य घालवलंय. तो हसला आणि म्हणाला, हो, असंही एक मत आहे, आणि लगेच पुढच्या पॉइंटकडे निघाला. मला या एका वाक्याचा जितका राग आला तितका बाकी कशाचा नाही आला. पोलंडमधले अभ्यासकही कूलिंग टॉवरच म्हणतात, म्हणजे त्याला ते माहीत होतं, आणि अकरा वर्षांच्या मुलासमोर त्याने ते दिवसभर लपवून ठेवलं.

आणि ज्या खाणीच्या जागेत आम्ही उभे होतो तिथे ९ जुलै १९३० ला जमिनीखाली अचानक कार्बन डायऑक्साइड सुटून १५१ खाणकामगार मेले होते. त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. गुदमरून गेलेली १५१ खरी माणसं त्या गाइडला सांगण्यासारखी वाटली नाहीत.

तरीही मुलावर मी चिडले नाही, आणि तुम्हीही आपल्या मुलांवर चिडू नका, कारण अशा गोष्टींवर विश्वास बसायला जर्मनांनी खरंच कारण दिलेलं आहे. व्ही-२ घ्या. चौदा मीटर उंच, साडेबारा टन वजनाचं रॉकेट, अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं, आणि आवाजाच्या कितीतरी पट वेगाने यायचं म्हणून पडल्यानंतर त्याचा आवाज ऐकू यायचा. ८ सप्टेंबर १९४४ ला लंडनवरचं पहिलं चिझिकमध्ये पडलं, तीन माणसं गेली, आणि ब्रिटिश सरकारने लोकांना गॅसची पाइपलाइन फुटली असं भासवलं. रोज कुठे ना कुठे ‘गॅसची लाइन’ फुटतेय, लोक काय दूधखुळे होते का, ते म्हणायला लागले उडत्या गॅसलाइनी आल्या. चर्चिलने संसदेत कबूल केलं १० नोव्हेंबरला, म्हणजे तब्बल दोन महिन्यांनी. जी गोष्ट लोकांना अफवा वाटत होती ती खरी निघाली आणि सरकार सांगत होतं ते खोटं. त्यात प्रचारमंत्री गोबेल्सचं खातं दिवसरात्र ‘चमत्कारी शस्त्रं’ येणार म्हणून ओरडत होतं. मग माणूस म्हणतो, व्ही-२ खरं होतं तर घंटा का नाही? प्रश्न चुकीचा नाही. फक्त व्ही-२ चे सुटे भाग आहेत, आराखडे आहेत, ते बनवणारे इंजिनिअर पुढे अमेरिकेत गेले, आणि ते ज्यांच्याकडून बनवून घेतलं ते कैदी आहेत. जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातल्या मिटेलबाउ-डोरा छावणीत ६० हजार कैदी आले आणि त्यातले जवळजवळ २० हजार मेले. व्ही-२ पडून जितके मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले. घंटेचा असा एकही कामगार कुणाला सापडलेला नाही.

हे मी जेवताना मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मग तिथे खरं काय होतं? म्हणून पुढच्या शनिवारी ओसुफ्का.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ही माहीत असली की आतमध्ये जास्त कळतं. १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत जर्मनांनी या डोंगरांत आणि जवळच्या क्शाँश किल्ल्याखाली एक अवाढव्य काम काढलं होतं, नाव ‘रीझं’, म्हणजे महाकाय, राक्षस. आज सात ठिकाणं माहीत आहेत, त्यातली क्शाँश, झेच्का, व्वोदाश आणि ओसुफ्का तिकीट काढून बघता येतात. कशासाठी चाललं होतं, तर शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअरने युद्धानंतर लिहिलं की हिटलरचं मुख्यालय, आणि १५ कोटी मार्क खर्च धरला होता, आणि १९४४ साली अख्ख्या जर्मन जनतेला बाँबपासून वाचवायच्या शेल्टरसाठी जेवढं काँक्रीट मिळालं त्यापेक्षा जास्त या एका कामाने खाल्लं. काही इतिहासकार म्हणतात की मुख्यालयाच्या जोडीला जमिनीखालचे शस्त्र कारखानेही होणार होते. काम अर्धवट राहिलं, मूळ नकाशे नाहीत, आणि जिथे नकाशे नसतात तिथे गोष्टी पिकतात. आपल्याकडे नाही का, कुठल्याही किल्ल्यावर जा, एक बुजलेलं भुयार असतं आणि ते थेट पलीकडच्या किल्ल्यावर निघतं असं गावातला माणूस शपथेवर सांगतो. इथेही सातही ठिकाणं जमिनीखालून जोडलेली आहेत असं सगळे सांगतात, आणि इतकी वर्षं खोदाखोद करून तो जोडणारा बोगदा काही सापडलेला नाही.

२०१५ ची सोन्याची ट्रेनही इथलीच. दोन जणांनी वाऊबझिखजवळ रेल्वेच्या ६५व्या किलोमीटरला नाझींची ट्रेन गाडलेली सापडली असा दावा केला, एका उपमंत्र्याने नव्व्याण्णव टक्के खात्री आहे म्हणून सांगितलं, जगभरचे टीव्हीवाले आले, ऑगस्ट २०१६ मध्ये खोदलं आणि निघाली निव्वळ माती.

तर ओसुफ्का. व्रोत्सवाफहून दीड तास, शेवटचा रस्ता वळणाचा, जंगल सुंदर. टूर पोलिशमध्ये होती, मी कानात भाषांतर करत होते, तुमच्यासोबत पोलिश येणारं कुणी नसेल तर आधी फोन करून इंग्रजी गाइडचं विचारा. डोक्याला हेल्मेट देतात. बाहेर जुलैचं ऊन आणि दारातून आत पाय टाकला की एकदम थंडी, आत बारा महिने पाच-सात डिग्रीच्या आसपासच असतं. आईला मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालायला लावली होती तेव्हा ती कुरकुरत होती, आत गेल्यावर तिने माझी शालही घेतली.

इथे बोगदे एकूण पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहेत, टूरमध्ये काही भाग बघतो आपण. आणि हे अर्धवट राहिलंय हेच बघण्यासारखं आहे, कारण कामाची प्रत्येक पायरी जिथल्या तिथे थांबलेली आहे. एका ठिकाणी नुसता फोडलेला खडक, पुढे सळया आणि फळ्या, त्याच्या पुढे गुळगुळीत काँक्रीटचा उंच हॉल, मग परत कच्चा खडक. एखादी इमारत बांधायला घेतली आणि कामगार जेवायला गेले ते आलेच नाहीत असं वाटतं.

गाइड पन्नाशीच्या पुढच्या बाई होत्या, आवाज शांत. एका बोगद्याच्या अगदी टोकाला त्यांनी टॉर्च भिंतीवर धरला आणि म्हणाल्या, जवळ या. खडकात गोल गोल भोकं होती, ड्रिलची. आत सुरुंग भरायचे, उडवायचे, मलबा हाताने वॅगनीत भरायचा, परत ड्रिल. ही शेवटची भोकं, सुरुंग भरायचे राहून गेले. त्यांनी मुलाला सांगितलं, बोट घाल. त्याने बोट घातलं, मग अख्खा हात मनगटापर्यंत. मी पण हात लावला, भोकाच्या कडेला ड्रिलचे वळसे बोटाला लागतात, खडक इतका कठीण की ऐंशी वर्षांत ते झिजलेले नाहीत. हा नाइस (gneiss) जातीचा खडक आहे, बाबा म्हणाले याच्यात एक भोक पाडायचं तर मशीन धरणाऱ्याचे खांदे निखळायची वेळ येते. आणि मशीन धरणारे कोण, तर नाझींच्या ग्रोस-रोझेन छळछावणीतून आणलेले ज्यू कैदी, बरेचसे हंगेरीचे आणि पोलंडचे, आउश्विट्झच्या फलाटावरून धडधाकट म्हणून निवडलेले. पातळ सूप, थोडा पाव, पायात लाकडी बूट, आणि बाराबारा तास हे. ‘रीझं’च्या छावण्यांतून असे १३ हजारांच्या आसपास लोक आले आणि त्यातले ५ हजारांच्या आसपास मेले असा अंदाज आहे. त्या आधी राबवलेल्या कामगारांमध्ये १९४३ च्या डिसेंबरात टायफसची साथ आली होती.

मग त्यांनी सगळे दिवे बंद केले. किती वेळ ते सांगता येत नाही, अर्धा मिनिट असेल. कुठेतरी पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. आईने माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी दिवे लावले आणि काही न बोलता पुढे चालू लागल्या. व्हॅनवाल्या गाइडनेही आम्हाला डोळे मिटायला लावले होते, पण तिथे घंटेची कल्पना करायची होती.

एकाने त्यांना घंटेबद्दल विचारलंच. त्यांनी टाळलं नाही. स्पोरेनबर्गचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, हा माणूस खरा आहे, तो कोण होता ते सांगते. लुब्लिन भागातला एसएस आणि पोलिसांचा प्रमुख. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्याच्या देखरेखीखाली दोन दिवसांत ४० हजारांहून जास्त ज्यू कैद्यांना गोळ्या घालून मारलं, माइदानेक आणि आसपासच्या छावण्यांत. वॉर्सात खटला झाला आणि १९५२ मध्ये फाशी. हे सगळं कोर्टात सिद्ध झालेलं आहे. आज इंटरनेटवर त्याचं नाव शोधा, लोक त्याला घंटेचा साक्षीदार म्हणून ओळखतात. एवढंच बोलल्या. मला ते ऐकून अंगावर काटा आला, कारण आठवड्यापूर्वी मीही त्याला तसाच ओळखत होते.

वर जंगलात ‘शिवोव्न्या’ म्हणून एक काँक्रीटचा भलामोठा चौकोन आहे, ३० बाय ३० मीटर असेल, त्यात पाइप, नाल्या, खड्डे. पोलिशमध्ये शिवोव्न्या म्हणजे यंत्रघर. यावरही अणुबाँबपासून सगळ्या गोष्टी रचल्या गेल्यात. बाबा त्याच्या कडेने अर्धा तास फिरत होते, शेवटी म्हणाले की यंत्रं बसायच्या आधीचं फाउंडेशन असंच दिसतं, पण कुठली यंत्रं ते नुसत्या खड्ड्यांवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते खरं मानू नको. त्यांना हाकलून गाडीत बसवावं लागलं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. या डोंगरांच्या जंगलात ठिकठिकाणी सिमेंटच्या गोण्यांचे ढीग पडलेले आहेत, अजूनही. कागदी गोण्या होत्या, युद्ध संपलं, पावसात भिजल्या, आतलं सिमेंट जाग्यावर दगड झालं आणि कागद कुजून गेला. आपल्याकडे घराचं बांधकाम चालू असताना पावसात राहिलेली गोणी बघितलीये ना सगळ्यांनी, तस्संच, फक्त शेकड्यांनी, एकावर एक रचलेल्या, वर शेवाळं. आईने एका गोणीवरचं शेवाळं बाजूला केलं तर कोपऱ्यावर कागदाच्या घड्या उमटलेल्या स्पष्ट दिसत होत्या, गोणीचं तोंड जिथे दुमडलं होतं ती रेघसुद्धा. मुलगा विचारत होता, या उचलून कोण आणायचं? एक गोणी पन्नास किलोच्या आसपास, आणि आणणाऱ्यांचं वजनही फार वेगळं नसेल.

आणि याच गोण्यांचे कागद फाडून त्यावर आब्राहाम कायझर नावाचा एक पोलिश ज्यू कैदी रोजनिशी लिहायचा. यिडिश भाषेत, पेन्सिलीच्या तुकड्याने, आणि ते कपटे छावणीच्या संडासाच्या फळ्यांखाली लपवायचा. तो जगला. युद्ध संपल्यावर परत जाऊन त्याने ते कपटे गोळा केले, आणि १९६२ मध्ये पोलंडमध्ये ती रोजनिशी छापली गेली. ‘रीझं’मध्ये आत काय चालायचं याबद्दल इतकं जवळून लिहिलेलं फार थोडं आहे. पण जे पुढे कळलं त्याने मी हबकलेच. सोनं आणि गुप्त शस्त्रं शोधणाऱ्या लोकांमध्ये हे पुस्तक अतिशय मानाचं आहे, पानं पानं पाठ आहेत, कारण कुठला बोगदा कुठे, कुठून कुठे चालवत नेलं, याचा त्यात माग लागतो. माणसाने जीव धोक्यात घालून मारहाण, भूक आणि मेलेल्या मित्रांची नावं लिहून ठेवली, आणि लोक त्यात खजिन्याचा नकाशा शोधतायत! त्या दिवशी त्या दगडी गोण्यांजवळ उभं राहून हे मुलाला सांगताना मला शब्द सुचत नव्हते, बाबांनी पुढचं सांगितलं.

टूर संपल्यावर बाईंनी विचारलं कुठून आलात, आईने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझं माहेर कोल्हापूर. आणि मग तिने मला भाषांतर करायला लावून वळिवड्याची हकीकत सांगितली, की रशियाने हाकलून नेलेली पोलिश बायका-मुलं इराणमार्गे आली आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहिले, तिच्या वडिलांनी लहानपणी त्यांना बाजारात बघितलेलं. बाई उठून आल्या आणि आईचे दोन्ही हात हातात घेतले. इकडे बोगदे खोदायला सुरुवात झाली तेही १९४३ आणि तिकडे कॅम्प उघडला तेही १९४३, हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं.

आता कामाचं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालची नेहमीची वाटच घ्यावी, आईला (६८) जमली, मध्ये मध्ये थांबत. पक्का सोल असलेले बूट हवेत, खाली ओलं असतं. उन्हाळ्यातसुद्धा जाड जॅकेट. लहान मुलं अंधाराला घाबरत असतील तर आधी सांगून ठेवा. शाकाहारी लोकांनी जवळच्या गावात पिएरोगी रुस्क्ये मागावेत, बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असतं, फक्त वरून बेकनचे तुकडे घालू नका हे आधी सांगा, नाहीतर येतातच. बोटीतून फिरायचं असेल तर व्वोदाशला पाण्याने भरलेले बोगदे आहेत, तिथले बोगदे तीन किलोमीटरच्या आसपास, या सगळ्यांत मोठे, आणि मोठे हॉल कसे करायचे तेही तिथे कळतं, वरखाली दोन बोगदे खोदायचे आणि मधला थर पाडायचा. मुहोवापका बघायचीच असेल तर आपली आपण जा, त्यासाठी कुणाला ३५० झ्वॉटी द्यायची गरज नाही, आणि बघताना बाबांनी सांगितलेलं गरम पाणी, लाकडी पट्ट्या आणि खालचा हौद डोळ्यासमोर आणा, जास्त मजा येते.

व्हॅनवाल्यांना मी मेल लिहिलं, टॉवरबद्दल आणि त्या १५१ खाणकामगारांबद्दल, अजून उत्तर नाही. आलं तर इथे टाकेन.

ओसुफ्काहून परतताना कोल्त्सेला मात्र थांबा. तिथे ‘रीझं’च्या कैद्यांची दफनभूमी आहे, छावण्यांचं हॉस्पिटल याच गावात होतं, हॉस्पिटल म्हणजे काय, जिथे काम न करू शकणाऱ्यांना आणून टाकायचे ते. आम्ही संध्याकाळी पोचलो, आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मुलाने वाटेवरचा एक लहान दगड उचलून तिथे ठेवला, ज्यू लोक कबरीवर दगड ठेवतात हे त्याला शाळेत सांगितलेलं. पुढच्या महिन्यात आई-बाबा जायच्या आधी रोगोझनित्साला ग्रोस-रोझेनची मुख्य छावणी बघायला जाणार आहोत, तिकडचं आल्यावर लिहीन.